वाळवंटातले हत्ती आणि कापलेला अर्धा गुण

सातवीच्या सहामाहीत मी पेपरात लिहिलं होतं, की नामिबच्या वाळवंटात हत्ती राहतात. बाईंनी त्यावर लाल रेघ मारून अर्धा गुण कापला आणि त्या अर्ध्या गुणाने माझा पहिला नंबर हुकला. बाई म्हणजे माझी सख्खी आई. मिरजेच्या आमच्या शाळेत ती भूगोल शिकवायची, आणि वर्गात तिला 'आई' म्हणायची सोय नव्हती. घरी आल्यावर मी रद्दीतल्या मासिकातलं हत्तींचं चित्र तिच्यासमोर आपटलं, तर म्हणाली, "पुस्तकात नाही ना? मग नाही."

हे भांडण आमच्या घरात लोणच्यासारखं मुरलं आहे. गेल्या वर्षी आई कायमची आमच्याकडे शिकागोजवळ नेपरव्हिलला राहायला आली आणि काही महिन्यांतच तिच्या डोळ्यांचं दुखणं कळलं. कडेचं नीट दिसतं, पण जिथे नजर लावावी नेमकं तेच पुसत जातं. डॉक्टर म्हणाल्या, जे बघायचंय ते लवकर बघून घ्या. मला वाटलं, आई काशी नाहीतर नायगारा म्हणेल. ती म्हणाली, "तुझे ते हत्ती."

माझा नवरा म्हणाला, "बुक करून टाक यार. मी आणि सई घरी मॅनेज करतो." सई म्हणजे आमची पंधरा वर्षांची लेक. मॅनेज करणं म्हणजे नऊ दिवस पिझ्झा, हे मला माहीत होतं. तरी मी बुक केलं.

तुम्हीही नामिबियाचं ठरवत असाल, तर जून ते ऑगस्ट हा काळ धरा. हवा कोरडी असते आणि जनावरं पाण्याशी येतात. पहाटे थंडी कडाक्याची, पण आपण मिडवेस्टच्या बर्फातले, आपल्याला काय त्याचं. आम्ही शिकागोहून फ्रँकफर्ट आणि तिथून विंडहुकला गेलो. स्वतः गाडी चालवत बरंच स्वस्तात फिरता येतं. रस्ते रिकामे, पण बहुतेक खडीचे, त्यामुळे दोन जादा टायर हवेतच. आईच्या गुडघ्यांकडे बघून आम्ही छोट्या विमानाने फिरवणारी लक्झरी सफारी घेतली. तिथल्या एका रात्रीत आमच्या घराचा महिन्याचा हप्ता जातो, हे आईला अजून सांगितलेलं नाही; तुमची गाठ पडली तर तुम्हीही सांगू नका. या विमानांत कडक सुटकेस चालत नाही, मऊ पिशवीच लागते. आईच्या पिशवीत कपडे कमी आणि मेतकूट जास्त होतं.

पहिला मुक्काम सोसुसव्लेईच्या लाल टेकड्यांपाशी. वाळूच्या टेकड्या एवढ्या उंच, की पायथ्याची माणसं मुंग्यांएवढी दिसतात. आई थोडी चढली, मग बसली, आणि मुठीमुठीने वाळू सोडत राहिली. शेजारी टेक्सासचं एक जोडपं दम खात होतं. त्यांना तिने तिच्या शाळेतल्या इंग्रजीत धडाच दिला. "वेस्ट कोस्ट. कोल्ड करंट. सो नो रेन. सो डेझर्ट." त्या दोघांनी मान डोलावली. तीस वर्षं फळ्यावर हाताने आफ्रिका काढून जे शिकवलं, त्यावर ती आज बसली होती. मला तिचा फार अभिमान वाटला.

लॉजमधल्या आमच्या खोलीत डेकवर उघड्या आभाळाखाली भलामोठा बाथटब होता. आई म्हणाली, "या वाळवंटात एवढं पाणी उपसू मी? पाप लागेल. बादली माग." बादली त्यांच्याकडे नव्हती. शेवटी शॅम्पेन थंड करायची चकचकीत बादली आली, आणि तांब्या म्हणून पाण्याचा जग. आईने तीन बादल्यांत आंघोळ उरकली. रात्री शेफने तिच्यासाठी मक्याच्या पिठाची घट्ट उकड केली, तिने त्यावर मेतकूट घातलं आणि शेफलाही चमचाभर वाढलं. त्याने दुसऱ्यांदा मागून घेतलं.

चौथ्या दिवशी विमानाने उत्तरेला, होआनिब नदीच्या कोरड्या पात्रात उतरलो. हाच हत्तींचा मुलूख. आमचा गाइड पेट्रस आईला 'मेमे' म्हणायचा. त्यांच्यात मोठ्या बाईला मानाने तसं म्हणतात. पहिल्या दिवशी जिराफ दिसले, हत्ती नाहीत. दुसऱ्या दिवशी नुसत्या पाऊलखुणा. पेट्रसने आईचा हात धरून एका खुणेत ठेवला. आत तळव्याच्या भेगा उमटल्या होत्या. आई बराच वेळ बोटाने त्या चाचपत होती. जीपमध्ये परत बसताना मला हळूच म्हणाली, "खूण म्हणजे पुरावा नाही हं." बाईच त्या.

तिसरी सकाळ आमची तिथली शेवटची. पाय गरम पाण्याच्या पिशवीवर, अंगावर घोंगडी, आणि मी मनातल्या मनात गणपतीला साकडं घालत होते. नदीचं वळण संपलं आणि पेट्रसने इंजिन बंद केलं. मोठ्या बाभळीसारख्या झाडाखाली सात हत्ती, धुळीने पिवळट झालेले, झाडाच्या शेंगा वेचत होते.

"आई, समोर."

तिने समोर नजर लावली. चेहरा हळूहळू पडत गेला. "झाड दिसतंय गं. वाळू दिसतेय. मधे नुसता धुरकट डाग आहे. कुठे आहेत?"

अर्धं जग ओलांडून आम्ही डाग बघायला आलो होतो का? नेपरव्हिलच्या क्लिनिकमध्ये तिला शिकवलं होतं, की हवं त्याच्या थोडं बाजूला बघायचं, मग ते कडेच्या नजरेत येतं. तिने तसं एकदाही केलं नव्हतं. म्हणायची, "आयुष्यभर पोरांना सांगितलं, इकडे बघ, फळ्याकडे बघ. आता म्हातारपणी मीच तिरकं बघू?" गेले कित्येक महिने माझं ती काही ऐकत नव्हती.

मग माझ्या तोंडून आपोआपच निघालं, "बाई, हत्तीकडे बघू नका. झाडाच्या शेंड्याकडे बघा."

ती दचकली. शाळा सुटल्यापासून मी तिला बाई म्हटलं नव्हतं. तिने मान उचलली आणि शेंड्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघत राहिली.

"सोंड," ती म्हणाली. "हलतेय." मग बोटांवर मोजायला लागली. "सहा... आणि ते खाली पिल्लू आहे ना गं? आईच्या पायात?"

"हो. सात."

आम्ही दोघी रडलो. पेट्रसने चेहरा वळवून उगाचच दुर्बीण पुसली.

नंतर इटोशाच्या अभयारण्यात सिंह पाहिले, गेंडे पाहिले, शेकड्यांनी झेब्रे पाहिले. तिथे मलेरियाच्या गोळ्या विसरू नका. आई आता सगळ्यांकडेच तिरकं बघत होती आणि माझ्याआधी तिला प्राणी सापडत होते.

घरी सिंकमध्ये नऊ दिवसांची भांडी होती. सई धावत आली. "आजी, डिड यू सी देम?"

"सेव्हन," आजी म्हणाली. "वन बेबी."

जावं का, असं विचाराल तर जावं. साठवलेले पैसे आणि सुट्ट्या अशाच कामाला याव्यात. फोटो मी हजारभर काढले, अजून एकही नीट बघितलेला नाही.

परवा आई फ्रिजवर वाणसामानाची यादी लिहीत होती. हल्ली तिला जाड मार्कर लागतो. दही, कोथिंबीर, ब्रेड. त्याखाली तिने लाल मार्करने लिहिलं, '+ ½', आणि शाळेत पेपरावर करायची तशी आडवी सही ठोकली.

"घे. आता पहिली आलीस," ती म्हणाली.

म्हणताना ती माझ्या डाव्या कानाकडे बघत होती. परत आल्यापासून ती माझ्याशी बोलताना कानाकडेच बघते. सुरुवातीला मला चुकल्यासारखं व्हायचं. आता कळतं, ती कानाकडे बघते तेव्हा तिला मी दिसत असते.