डोमिटिलाची पिवळी भाकरी

आमच्या डोमिटिलाला भारी गर्व होता, आणि तो शोभायचाही तिला. अख्ख्या सान मिगेल गावात तिच्याइतकी पांढरीशुभ्र मक्याची भाकरी कुणाची व्हायची नाही. मका आम्ही सगळ्याच चुन्याच्या पाण्यात शिजवतो. पण चुन्यानं भाकरी पिवळी पडते म्हणून ती तो टाकायची चिमूटभर, आणि पाणी नितळ येईपर्यंत दाणे चोळचोळून धुवायची. माझी भाकरी जरा पिवळी दिसली की विचारायची, "चोना, कावीळ तुला झालीय की भाकरीला?" मी शेजारीण, शिवाय तिच्या लेकीची बाप्तिस्म्यातली धर्ममाता. गप्प ऐकून घ्यायचे, मनात चरफडायचे आणि दुसऱ्या दिवशी मीही मका जास्त धुवायचे. गावातल्या सगळ्या बाया तेच करायच्या.

लेक शहरात कामाला गेली तेव्हा नात नायेली डोमिटिलापाशी राहिली. दूध प्यायली की पोरीचं पोट फुगायचं, घेवडा ती थुंकून टाकायची. म्हणजे राहिली भाकरी. पाचवं वर्ष सरत आलं तरी डुलत चालायची, पाय गुडघ्यांपाशी बाहेर बाकलेले.

"माझ्या आजोबांवर गेलीय," डोमिटिला म्हणायची.

शेवटी मीच दोघींना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पाय चाचपले, हाडांचा फोटो काढला. म्हणाल्या, "हाडं मऊ राहिलीत. हे थेंब रोज द्या, उन्हात खेळू द्या. आणि पोटात कॅल्शियम गेलं पाहिजे, त्याशिवाय हाड धरत नाही. दूध पचत नाही, मग ही खाते काय?"

"भाकरी."

"चला, म्हणजे भाकरीतला चुना तरी मिळतोय."

डोमिटिलाचा चेहरा खर्रकन उतरला. बसमध्ये पोरीला मांडीवर घेऊन बसली. दारात पोचल्यावर म्हणाली, "तो तर मी रोज मोरीत ओतला, चोना."

तिचा हात धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवसापासून तिनं चुना नीट घातला आणि धुणं आवरतं घेतलं. भाकरी पिवळी झाली, चुन्याचा वास यायला लागला. पुढ्यात संत मिगेलचा सण होता, आणि सणाच्या पंगतीतली पहिली टोपली दरवर्षी तिचीच असायची.

मी म्हटलं, "सणापुरत्या पांढऱ्या कर. पोरीच्या वेगळ्या भाज. कुणाला कळतंय?"

"माझं बघून अख्खं गाव मका धुतं," ती म्हणाली. "त्यांच्या पोरांचं काय?"

सणाच्या दिवशी तिनं टोपलीवरचं फडकं उचललं आणि पंगतीत कुजबुज सुरू झाली. यजमानीण एउफ्रोसिना, जिभेची तिखट, म्हणाली, "डोमिटिला, डोळे गेले का गं? की हात म्हातारे झाले?"

टोपलीला कुणी हात लावेना. मला इतका संताप आला की उठून चार शब्द सुनवणार होते. तेवढ्यात डोमिटिलानं टोपली नायेलीच्या हातात दिली. "जा, वाढ सगळ्यांना."

पोर डुलत डुलत निघाली. आखूड झग्याखालचे ते पाय सगळ्यांनी पाहिले.

"दूध पचत नाही तिला," डोमिटिला म्हणाली. "भाकरीतला चुनाच काय तो मिळणार होता, तो मी धुऊन टाकला. पांढरं दिसावं म्हणून."

एउफ्रोसिनानं एक भाकरी घेतली, मीठ लावून खाल्ली. मग दुसरी घेतली आणि मांडीवरच्या नातवाच्या हातात दिली.

टोपली रिकामी झाली. घरी येताना नायेलीनं विचारलं, "आजी, माझे पाय सरळ होतील?"

"डॉक्टरीणबाई म्हणतात, होतील. हळूहळू."

"मग भाकरी परत पांढरी करशील?"

"नाही," डोमिटिला म्हणाली.