फेस बसल्यावर

समोर धार काढून दिलेलं दूध मी लगेच पीत नाही; फेस बसायची वाट बघते. परवा गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर गवळी म्हणाला, "मावशी, प्या की, गार व्हायलंय." त्या उबदार वासानं मी थेट सहावीच्या विज्ञानाच्या तासाला गेले.

मापनाचा धडा होता. सरांनी मला घरून अर्धा लिटर दूध आणायला सांगितलं होतं. माझे वडील, आबा, गवळी. सरांकडे रतीब आमचाच. आबांनी धार काढून माप काठोकाठ भरलं आणि किटलीत ओतलं. वर्गात सरांनी ते काचेच्या मोजपात्रात घातलं. एरवी उभ्यानंच आकडा वाचणारे सर त्या दिवशी गुडघ्यावर बसले, रेषेला डोळा लावला आणि मोठ्यानं म्हणाले, "चारशे चाळीस मिलिलिटर. उरलेलं साठ कुठं गेलं गं?"

"वाटंत प्याली की!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला. आबा सगळ्यांसमोर चोर ठरले.

"तुमचं भांडंच खोटं हाय!" मी ओरडले आणि छडी खाल्ली.

सरांनी मुद्दाम डाव साधला, हा राग मी आजवर जपला. पुढं दुकान काढलं, तेव्हा एकाही व्यापाऱ्याच्या मापावर विश्वास ठेवला नाही.

परवा फेस बसला आणि दूध दोन बोटं खाली गेलं.

"फेस पण मापातच धरतोस व्हय रे?" मी कडाडले.

"सगळीच धरत्यात, मावशी."

आबांचं काठोकाठ भरलेलं माप आठवलं. वर पांढराशुभ्र फेस होता. मी ग्लास रिकामा केला आणि घासाघीस न करता पैसे दिले.