बिछाना विम्याचा, गोळ्या सरकारच्या

नणंदेचा साखरपुडा झाला त्या वर्षी दिवाळीलाच नदीच्या पात्रात धूळ उडत होती. लग्न उन्हाळ्यात करायचं ठरलं होतं. पण उन्हाळा यायच्या आधीच गावाबाहेर जनावरांची छावणी उभी राहिली. छावणी गावच्या सोसायटीनं चालवायला घेतलेली आणि सोसायटी म्हणजे माझे सासरे. घरात, गावात सगळे त्यांना दादाच म्हणत. टँकर आज कोणत्या वस्तीवर जाणार, कुणाच्या दावणीला उसाचं वाढं कमी पडलं, सगळं आमच्या ओसरीवर ठरायचं. सकाळी दार उघडलं की पायरीवर माणसं बसलेलीच असत.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. त्यामुळं नणंदेला काही झालं की ती माझ्याकडं यायची. वयानं माझ्याहून लहान, पण मी तिला ताई म्हणायची आणि ती मला वहिनी. बीडला खोली करून कॉलेज करत होती. थंडीत सुट्टीला आली ती खोकतच आली. जवळच्या दिंद्रुड गावच्या डॉक्टरांनी बाटली दिली, धुळीचा खोकला आहे म्हणाले. त्यांचंही काही चुकलं नाही. त्या वर्षी सगळं गावच खोकत होतं.

खोकला मात्र हटेना. संध्याकाळी अंग तापायचं, जेवण जाईना. साखरपुड्याचं ब्लाउज तिच्या खांद्यावरून घसरायला लागलं. एके दिवशी कपडे धुताना तिच्या ओढणीच्या टोकाला मला रक्त दिसलं. ती मागंच उभी होती. म्हणाली, "वहिनी, दादांना सांगू नका. लग्नाचं काय व्हईल?"

मी सांगितलं. त्याच दुपारी गाडी काढून आम्ही बीड गाठलं.

दादा तालुक्याच्या एका सहकारी पतसंस्थेवर संचालक होते. संस्थेनं संचालक आणि नोकरदारांच्या कुटुंबांसाठी एका खाजगी कंपनीचा आरोग्य विमा काढलेला होता. त्याचं कार्ड दादांच्या पाकिटात असायचं. खाजगी दवाखान्याच्या काउंटरवर त्यांनी ते ठेवलं आणि म्हणाले, "चांगली खोली द्या. कार्ड हाय."

खोली मिळाली, नाकाला ऑक्सिजन लागला, छातीचा फोटो निघाला. बेडक्याचा नमुना तपासायला सिव्हिलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात गेला, कारण त्याचं मशीन तिथं होतं. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी दादांना आणि मला आपल्या खोलीत बोलावलं.

"टीबी आहे," ते म्हणाले. "आणि साधा नाही. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आहे. याच्यासाठी नवीन गोळ्या आहेत. वेळेवर सुरू केल्या तर मुलगी बरी होईल."

"लिवून द्या," दादा म्हणाले. "मी आत्ता खाली जाऊन मेडिकलमधून आणतो."

"मेडिकलमध्ये मिळणार नाहीत. त्यातली मुख्य गोळी बाजारात विकायलाच नाही. फक्त सरकार देतं, फुकट देतं."

"मग आमचं कार्ड कशाला हाय?"

"कार्ड बिछान्याला आहे, दादा. ऑक्सिजन, तपासण्या, आमची फी, जोवर मुलगी इथं ॲडमिट आहे तोवर. गोळी सरकारकडून इथं मागवता येते. पण त्यासाठी रीतसर सही लागेल. मग गावाकडं आरोग्य खात्याचा माणूस येईल, घरातल्या सगळ्यांची तपासणी होईल."

दादांचा चेहरा बदलला. "घरी कावून? आजारी ती हाय, आमी न्हाई."

"एका घरात राहता म्हणून."

"तिचं लगीन ठरलंय डॉक्टर. सरकारी माणूस पिशवी घेऊन दारात आला तर काय ऱ्हाईल? नाव कुठं लिवू नका. तेवढं करा."

"आजार कळवणं मला कायद्यानं भाग आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "तुमची सही नसली तर फक्त गोळी सुरू होणार नाही. आजार तर चालूच राहील."

दादा बाहेर आले आणि फोन लावायला लागले. पुणे, औरंगाबाद, मुंबईला कुणाचा तरी मेहुणा. तालुक्याचं राजकारण केलेला माणूस, कुठलंही दार बंद राहतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. प्रत्येक फोननंतर ते व्हरांड्यात एक फेरी मारायचे. मी नणंदेजवळ बसलेली. तिला सगळं कळलेलं होतं, कारण दार उघडंच होतं आणि दादांना हळू बोलायची सवय नव्हती.

दुसरा दिवस फोनातच गेला. दुपारी तिला मोठी उबळ आली. मी भांडं धरलं तर त्यात नुसतं लाल. नर्स धावत आली, डॉक्टर आले, मला बाहेर काढलं. व्हरांड्यात दादा फोन कानाला लावून उभे होते. पलीकडचा माणूस बोलत असतानाच त्यांनी फोन बंद केला.

तासाभरानं आम्हाला आत सोडलं. ती उशीला टेकून बसली होती, ओठ पांढरे.

"दादा, मेडिकलवाले काय म्हनले?"

"बघतोय बाई. एक जण मुंबईत हाय."

"न्हाई मिळायची. डॉक्टरांनी सांगितलंय." तिला दम लागत होता, एकेक शब्द सुटा पडत होता. "मी काय लहान न्हाई. माझी सही मी करते. वहिनी, डॉक्टरांना बोलवा."

"आणि पोराकडच्या लोकांना काय सांगू मी?"

"मी मेले तर काय सांगणार हायत?"

दादा खोलीतून निघून गेले. डॉक्टरांनी कागद आणला आणि तिनं सही केली. संध्याकाळपर्यंत गोळ्या आल्या. ज्याचा एवढा गाजावाजा झाला ते औषध साध्या पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीत होतं.

मला वाटलं, आता सुटलो. पण सकाळी काउंटरवरच्या बाईंनी मला खाली बोलावलं. विमा कंपनीनं विचारणा केली होती की रुग्णाचं मुख्य औषध कोणतं, आणि त्याचं बिल का नाही? औषध सरकारी असेल तर पेशंटला खाजगीत ठेवायची गरज काय?

"मंजुरी नाही आली तर?" मी विचारलं.

"तर मग कॅशलेस राहणार नाही, ताई. सगळं तुम्हाला भरावं लागेल, नाहीतर पेशंट हलवा."

ऑक्सिजनवरच्या पोरीला हलवायचं कसं? मी जिना चढून डॉक्टरांना गाठलं. त्यांनी वाचलं आणि तिथंच उभ्यानं उत्तर लिहिलं. गोळी सरकारी आहे म्हणून तिचं बिल नाही, पण खोकल्यातून पडणारं रक्त आणि ऑक्सिजन हे दाखल करायचं कारण आहे आणि या गोळीनं हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून रोज ईसीजी बघावा लागतो. ते पाठवलं आणि आम्ही वाट बघत बसलो. संध्याकाळी मंजुरी आली. तेव्हा कुठं मला ही व्यवस्था नीट कळली. माणूस दवाखान्याच्या बिछान्यावर असेपर्यंतच विमा सोबत असतो. गोळी घरी येते, पण ती दुसऱ्या वाटेनं येते. दोन्ही वाटा एकमेकींना ओळखत नाहीत, मधल्या खेपा घरच्यांनी घालायच्या.

ती घरी आली. वरच्या माडीवरची मोकळ्या हवेची खोली तिला दिली. आठवड्याच्या आत आरोग्य खात्याचा माणूस मोटारसायकलवरून आला, सोबत गावातली आशा सेविका, आशाताई. ओसरी माणसांनी भरलेली. कुणीतरी विचारलं, "दादा, हे कोन पाव्हणे?"

"इम्याची मानसं हायत," दादा पटकन म्हणाले. "पोरीच्या इम्याचं काम हाय."

आशाताईनं माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं. ती त्या माणसाला घेऊन वर गेली. आमच्या सगळ्यांची तपासणी झाली, तीही इम्याची म्हणूनच. सुदैवानं कुणाला काही निघालं नाही. त्यानंतर आशाताई गोळ्यांची पिशवी घेऊन आली की पायरीवरची माणसं आपसात बोलायची, लई चांगला इमा हाय दादांचा, गोळ्या घरपोच येतेत.

वस्तीवरची एक बाई रोज छावणीच्या कामानं यायची. मेंढरं विकून तिनं दोन म्हशी घेतल्या होत्या आणि त्या छावणीत बांधल्या होत्या. पायरीच्या कडेला बसून खोकायची. एके सकाळी ती दादांना म्हणाली, "दादा, तुमच्या पोरीवानी माजा बी इमा काडा की. महिना झाला, खोकला जाईना. रातच्याला घाम सुटतो."

"बघू. पुढच्या साली," दादा म्हणाले.

नणंद माडीच्या खिडकीत होती. मला जिन्यावर पावलं ऐकू आली आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत ती ओसरीच्या दारात उभी होती, तोंडाला मास्क, दार धरून.

"मावशी, इमा न्हाई हा," ती म्हणाली. "मला टीबी हाय. गोळ्या सरकारच्या हायत. फुकट मिळत्यात. तुमाला बी मिळतील. आजच्या आज आशाताईकडं जा, थुंकी तपासून घ्या. पुढच्या सालाची वाट बघू नका."

ओसरीवरचे दोघं-तिघं हळूच उठून अंगणात जाऊन उभे राहिले. ती बाई दादांच्या तोंडाकडं बघायला लागली, खरं का खोटं ते त्यांच्याकडून कळेल म्हणून. दादा टँकरच्या चिठ्ठ्या हातात धरून बसलेले. त्यांनी मान वर केली नाही.

"जा वर," एवढंच म्हणाले.

ती वर गेली. त्या दिवसापासून बाप-लेकीचं बोलणं बंद झालं. ती बाई मात्र तपासायला गेली. निघाला, पण साधा टीबी. तिच्या गोळ्या वेगळ्या होत्या, पण आणून देणारी आशाताईच.

मुलाकडच्यांना कळायला कितीसा वेळ लागणार? मुलाचे वडील स्वतः आले. चहा नको म्हणाले, पाणीही नको म्हणाले. "आधी मुलीची तब्येत महत्त्वाची. लग्नाचं नंतर बघू." महिन्याभरात मध्यस्थाकडून साखरपुड्याची साडी परत मागितली. मी ती घडी करून दिली. नणंद त्या दिवशी रडली, पण गोळी चुकवली नाही. गोळ्यांनी तिला मळमळायचं, पाय जळजळायचे, कातडी काळवंडली होती. ती आरशासमोर उभी राहायची बंद झाली.

मेच्या अखेरीस तपासणीत ईसीजी बिघडलेला निघाला. ताबडतोब दाखल करा म्हणाले. दादांनी गाडी सरळ त्याच खाजगी दवाखान्यात नेली आणि कार्ड पुढं केलं. काउंटरवरच्या बाईंनी नंबर घातला, पुन्हा घातला. "पॉलिसी बंद दाखवतंय."

दुष्काळात लोकांनी ठेवी काढायला रांगा लावल्या होत्या आणि पतसंस्था अडचणीत होती, ते आम्हाला माहीत होतं. त्यात विम्याचं नूतनीकरण राहून गेलेलं. संचालक असून दादांनाच पत्ता नव्हता. ते कार्ड हातात घेऊन उभे राहिले. बाहेर गाडीच्या मागच्या सीटवर नणंद छातीला हात लावून पडलेली.

"सिव्हिलला घ्या," मी म्हणाले.

सिव्हिलमध्ये टीबीचा वॉर्ड वेगळा होता. खाट मिळाली, मशीन लागलं. डॉक्टरांनी एक गोळी थांबवली, रक्त तपासून औषध दिलं आणि लक्ष ठेवायला सांगितलं. पंखा गरम हवा फेकत होता. दादा, ज्यांच्यासाठी तालुक्यात लोक खुर्ची पुसून ठेवत, ते लेकीच्या खाटेला टेकून फरशीवर बसले होते. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा भाऊ आमच्याच तालुक्यातला निघाला. लगबगीनं उठला.

"दादा? तुमी हितं कसे?"

आता इथंही इम्याचं काहीतरी सांगतील, असं मला वाटलं.

"पोरगी आजारी हाय," दादा म्हणाले. मग मास्क सरळ केला आणि म्हणाले, "टीबी हाय तिला. बरी व्हायलीय."

नणंदेनं डोळे मिटलेले होते, पण ती जागी होती. थोड्या वेळानं म्हणाली, "दादा, पानी द्या." इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलत होती. त्यांनी उठून तिला बसतं केलं आणि पाणी पाजलं.

ईसीजी सुधारला आणि थांबवलेली गोळी पुन्हा सुरू झाली. पावसाळा उशिरा का होईना आला, छावणी उठली. वस्तीवरच्या बाईचं औषध आधी संपलं. नणंदेचं त्यानंतर वर्षभर चाललं. शेवटच्या तपासणीला दादाच तिला घेऊन गेले. रिपोर्ट चांगला आला. मग ती बीडलाच राहिली, राहिलेलं कॉलेज पुरं केलं, आता एका क्लासमध्ये गणित शिकवते. लग्न उशिरा केलं. बघायला आलेल्या मुलाला तिनं चहाचा कप द्यायच्या आधी आजाराचं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या आईला पण झाला होता," आणि कप घेतला.