गिटारवरचा पांढरा गोल

ती घटना आजही आठवली की डोळ्यांसमोर आधी येतो तो बशीएवढा पांढरा गोल. गेल्या आठवड्यात फिर्यादी वारल्याचा निरोप आला, म्हणून हे लिहायला बसलो.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. मी परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. पिंगळीच्या पुढे रूळांलगतच्या एका वस्तीत जमावाने घर पेटवले. घरातला तरुण भाजला आणि सिव्हिलमध्ये दोन दिवसांनी वारला. तो सभांमधून गाणी म्हणायचा. गुन्हा दाखल झाला तो अज्ञात जमावाविरुद्ध. अख्ख्या गावात कुणी काही पाहिलेले नव्हते.

फिर्यादी म्हणजे त्याचा बाप, पूर्णेच्या लोकोशेडमधून निवृत्त झालेला. पंचनाम्याच्या वेळी तो म्हणाला, "साहेब, पोराची गिटार जळाली न्हाई. जळाली असती तर तारा तरी राखेत घावल्या असत्या. मी सगळी राख चाळलोय."

ती गिटार दहा वर्षांपूर्वी, नवी असताना, रेल्वे कॉलनीतल्या एका गार्डाने बदलीवर जाताना मुलाला दिली होती. पांढरी. मुलाने तेव्हाच तिच्यावर निळ्या चक्राचा गोल स्टिकर लावला होता. बापाचा मुद्दा साधा होता: ज्याच्याकडे गिटार, तो त्या दिवशी तिथे होता.

काही महिन्यांनी खबऱ्याने सेलूहून बातमी आणली. त्याच गावातल्या एका बड्या घरचा मुलगा तिथल्या ऑर्केस्ट्रात पांढरी गिटार वाजवत होता. गिटारसह त्याला ठाण्यात आणले. गिटार मात्र सायीसारखी पिवळसर होती, आणि तिच्यावर एका नटीचे चित्र चिकटवलेले.

"नवी घेतलीय, गेल्या दिवाळीला, हैदराबादहून," तो म्हणाला.

दमदाटीने असली पोरे बोलत नाहीत; कौतुकाने बोलतात. मी चहा मागवला.

"नवी, मग पिवळी कशी? फसवलं की काय तुला?"

"न्हाई हो साहेब. तुमाला यातलं काय कळतंय! पांढऱ्या रंगावर पारदर्शक लाखेचा हात असतो. ऊन, धूर लागला की तो पिवळा पडतो. खालचा रंग पांढराच राहतो."

"लगेच पडतो?"

"लगेच कसा? सात-आठ वर्षं तरी..."

त्याच्या कपातला चहा तसाच राहिला.

दोन पंच बोलावले. तारांखालची प्लेट खोलली; खाली चुन्यासारखे पांढरे. मग नटीचे चित्र भिजवून काढले. त्याखाली तसाच पांढरा, नीट गोल. चक्र त्याने खरवडून काढले होते, पण त्याची जागा काढता आली नव्हती. बापाने सांगितलेला आकार, सांगितलेली जागा. ओळख पटवायला बोलावलेल्या म्हाताऱ्या बापाने त्या गोलावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

फोटोवाल्याला बोलावले होते. तो "उद्या येतो" म्हणाला आणि गावाला निघून गेला.

खटला उभा राहायला वर्षे गेली. पहिल्याच तारखेला गिटारीचे सील उघडले गेले. मुद्देमालाच्या खोलीत उंदीर फार, म्हणून कारकुनाने गिटार खिडकीसमोर खिळ्याला टांगली. त्याचा हेतू चांगला होता. साक्षी निघेपर्यंत आठ वर्षे पश्चिमेचे ऊन रोज तिच्यावर पडत राहिले.

साक्षीच्या दिवशी दोन्ही पंच फितूर झाले. "कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या," म्हणाले. मी गिटार मागवली. बचावाच्या वकिलाने ती न्यायाधीशांसमोर फिरवून दाखवली आणि मला विचारले, "फौजदारसाहेब, गोल कुठाय?"

गोल नव्हता. सगळी गिटार एकसारखी पिवळी झाली होती. मी उन्हाचे कारण सांगितले, तेव्हा कोर्टात हशा पिकला. त्या हशात प्लेट खोलून दाखवायचे मलाही सुचले नाही.

आरोपी सुटला. गिटार त्याच्याकडून जप्त केलेली, म्हणून ती त्यालाच परत मिळाली. पायऱ्यांवर माझ्याजवळ येऊन तो हळूच म्हणाला, "साहेब, मी सांगितलं होतं की तुमाला. ऊन लागलं की पडतीच पिवळी."

साक्षीदार फुटतात हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळले होते. वस्तू फुटत नाही, असे मी त्या दिवसापर्यंत मानत होतो. नुसते थांबायला लावले की तीही उलटते. त्यासाठी कुणाला खोटे बोलावे लागत नाही. हे शिकायला मला सरकारने पगार दिला. म्हाताऱ्याने किंमत दिली.

म्हातारा कोर्टाच्या फाटकाशी बसला होता. खांद्यावर गिटार टाकून जाणाऱ्या त्या माणसाकडे बघत म्हणाला, "प्लेट खोला म्हनाव, साहेब. खाली अजून पांढरी हाय."

खोलायला आता कुणाकडेही हुकूम नव्हता.