शेंगा आणि पावलं

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पिक्चरला न्यायचा हट्ट माझाच. उभा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेला माणूस, म्हटलं, जरा गारव्यात बसेल. नाना शर्टाच्या खिशात शेंगा लपवून आले. सोलापूरचा माणूस शेंगांशिवाय बसणार कसा?

पिक्चर भीतीचा होता. नायिका कपाटामागे लपलेली, तिला शोधणारा जिना चढतोय. संगीत एकदम थांबलं. उरली फक्त त्याची पावलं. एक पाऊल, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरं. अख्खं थिएटर श्वास रोखून बसलेलं, आणि माझ्या शेजारी कट्ट! नानांनी शेंग फोडली. "ओ काका!" मागून कुणीतरी खेकसलं. पुन्हा कट्ट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात पडद्यावर दार धाडकन आपटलं आणि सगळे जागच्या जागी उडाले. नाना मात्र आम्ही का उडालो ते बघत होते.

धीट म्हणावं की काय, मला कळेना. मध्यंतरात मी चहा घेऊन आले आणि त्यांच्या पाठीमागून हाक मारली, "नाना!" वळले नाहीत. आणखी मोठ्याने मारली. तरी नाही. समोर जाऊन उभी राहिले तर हसून म्हणाले, "आणलास व्हय चहा?"

माझं डोकंच चालेना. घरात तर माझ्याशी व्यवस्थित बोलतात! कारखान्यात माग चालू असले की कुणी आवाजाने बोलत नाही, ओठ हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. नाना तेच घरी करत होते का? कधीपासून? आम्हाला कुणालाच कसं कळलं नाही? की गर्दीच्या गोंगाटात हाक गेली नसेल आणि मीच उगाच काहीबाही जोडतेय? दोन्ही खरं वाटत होतं.

दिवे मालवले. पुन्हा तोच जिना, तीच पावलं. मी नानांकडे वळले, चेहऱ्यावर पडद्याचा उजेड येईल अशी बसले आणि आवाज न काढता ओठ हलवायला लागले. पावलं. जिन्यावर. जवळ आली. थांबली. आता दार करकरतंय.

नानांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. नाना घाबरले होते आणि मला रडू येत होतं, सुटकेचं की धसक्याचं, मला आजही सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर म्हणाले, "पयला भाग पोकळच होता की. दुसरा लई भारी."

गाडीपाशी ते थांबले, माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"तुज्या आईला सांगू नको."

मी नुसते ओठ हलवून "बरं" म्हटलं. त्यांनी मान डोलावली.