धवल्यात बसवलेले दोन पोलीस

धवला म्हणजे आमच्या लग्नातलं गाणं, आणि ते गाणारी ती धवलारीण. आमच्या आगरी घरांत पूर्वी धवलारीणच लग्न लावायची. आता भटजी असतो, डीजे असतो, ड्रोन उडवणारा असतो, आणि उरलेल्या जागेत मी. पनवेलपासून उरणपर्यंत किती पोरींना गाऊन पाटावर बसवलं ते मला आठवत नाही. पण नेरे गावाच्या बाजूचं ते एक लग्न मी मरेपर्यंत सांगत राहणार. म्हणून लिहूनच ठेवते, दर वेळी घसा कोरडा करायला नको.

नवरी माझ्या बहिणीची नात. तिची आई माझ्याकडेच धवला शिकली होती, दुखण्यात गेली. पोरीने घरात बजावून ठेवलं होतं, आजी गायल्याशिवाय मी लग्नाच्या पाटावर बसणार नाही. सासर पलीकडच्याच गावचं. त्यांच्या भटजींनी साडेबाराचा मुहूर्त काढला आणि निरोप पाठवला, उशीर चालणार नाही, गाणं हवंच असेल तर मोबाईलवर लावा. मोबाईलवर! धवल्यात देवांना बोलवायचं, मेलेल्या माणसांना बोलवायचं, त्यात तिच्या आईला नावाने हाक मारायची. मोबाईलला काय माहीत हिची आई कोण होती ते?

आदल्या संध्याकाळी हळद लावताना मी गायले आणि झोपायला पनवेलला घरी आले, कारण त्या स्पीकरच्या भिंतीशेजारी मला झोप लागत नाही. तिथेच चुकलं. सकाळी नवरीची हळद उतरवायची, नाहू घालायचं, त्याचा धवला बाकी होता. नऊ वाजता रिक्षा केली. सुकापूर मागे पडलं आणि रिक्षा जी थांबली ती थांबलीच. पुढे नुसत्या गाड्या.

अर्ध्या तासाने रिक्षावाला म्हणाला, "आजी, हे काय दुपारपर्यंत सुटत नाय."

मी पिशवी उचलली आणि चालायला लागले. ऊन डोक्यावर येत होतं. तेवढ्यात नवरीच्या मामाचा फोन.

"मावशे, कुठं हायस? पोर खोलीतून भाईर येत नाय. भटजी सगल्यांना घड्याल दाखवतोय."

"रस्त्यात हाय. चालतेय."

"चालत? अगो, तू पोचशील तवा तिच्या पोराचं बारसं असंल!"

मी फोन ठेवला. मला इतका राग आला होता की पाय आपोआप उचलत होते. आणि पुढे रस्त्याच्या मधोमध उभी होती एक पोलीस बाई. वाहतुकीवाली, पंचविशीची. तिने हात आडवा केला. "आजी, मागं व्हा."

माझी खात्रीच झाली की कोणी मंत्री जाणार आहे आणि त्याच्यासाठी आम्हाला उन्हात वाळत घातलंय. मी तिथेच सुरू झाले. "मागं जाऊन काय करू? लगन पुढं हाय! तुमचा मंत्री काय कोंबड्यावर बसून येतोय? आमच्या रस्त्यावर आमालाच बंदी?" आणखीही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिने ऐकून घेतलं. मग बाजूला झाली आणि हात दाखवला. खडीचा डंपर रस्त्यात आडवा पडला होता. अख्ख्या रस्त्यावर गुडघाभर खडी.

"मंत्री नाही आजी, खडी आहे," ती म्हणाली. "उचलायला येताय का?"

तेव्हा मी तिच्याकडे नीट बघितलं. हातात घमेलं होतं. पांढरा शर्ट खडीच्या भुकटीने राखाडी झालेला, घामाने अंगाला चिकटलेला. डंपरच्या ड्रायव्हरला पोलिसांनी आधीच दवाखान्यात पाठवलं होतं. जेसीबी मागच्या गाड्यांत अडकला होता. म्हणून शेजारच्या बांधकामावरून फावडं आणि घमेलं आणून ही पोर आणि एक हवालदार, दोघंच, एका गाडीपुरती वाट काढत होती. हवालदार माझ्या मुलाच्या वयाचा, पोट सुटलेला, फावडं मारताना धापा टाकत होता. आणि गाड्यांत बसलेली धडधाकट माणसं काचा वर करून हॉर्न वाजवत होती.

मला लाज फारशी वाटत नाही, पण तेव्हा वाटली. मग हळू आवाजात सगळं सांगितलं. नवरी, मुहूर्त, भटजी.

"तुम्ही कोण नवरीच्या?" हवालदाराने विचारलं.

"मी लगन लावते."

"म्हणजे भटजी?"

"भटजीच्या आधीची."

ती पोलीस बाई हसली. बीडकडची होती. म्हणाली, "काका, माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. ती आल्याशिवाय आमच्याकडंबी लग्नाचं दळण सुरू व्हायचं नाही. तुमची गाडी खडीच्या पलीकडं आहे ना? तिकडून येणाऱ्या गाड्या नेऱ्यालाच अडवायच्यात, कुणाला तरी जावंच लागणार. आजींना घेऊन जा."

"आणि तू इथं एकटी?"

"एकटी कशी? एवढे हॉर्न वाजवणारे आहेत की."

आणि ती सरळ पहिल्या गाडीकडे गेली, काचेवर टकटक केलं. "साहेब, हॉर्न वाजवायला ताकद आहे, तर घमेलं उचलायलाबी असंल. उतरा खाली." साहेब उतरला! मग त्याच्या मागचा उतरला. मग टेम्पोवाले, मग मागून चालत आलेला माझा रिक्षावाला, एकाने तर बूट काढून शर्टाच्या बाह्या वर केल्या. बघता बघता रांग लागली आणि घमेलं हातोहात जायला लागलं. ती पोर मधे उभी राहून ओरडत होती, "चला, चला, इकडून! कडेला टाका, गटारात नको!"  मी तिच्याएवढी असते तर तिथेच राहिले असते.

हवालदाराने मला हात धरून खडीवरून पलीकडे नेलं. मोटारसायकल चालू केली आणि हेल्मेट पुढे केलं.

"हे मी नाय घालणार," मी म्हटलं. "अंबाड्यावर अबोलीची वेणी हाय."

"मग मी नाय नेणार. उद्या लोक माझाच फोटो काढतील."

घातलं. वेणीचा चेंदा झाला. माझं लुगडं काष्ट्याचं, त्यामुळे दोन्हीकडे पाय टाकून पुरुषासारखी बसले आणि म्हटलं, "हाण आता."

आयुष्यात इतक्या वेगाने मी कुठे गेले नव्हते. मोकळा रस्ता, समोर डोंगर, कानात वारा. मला हसू यायला लागलं, ते थांबेना. मग घसा मोकळा करायचा म्हणून मागे बसूनच गायला लागले. हवालदाराने गाडी जरा हळू केली. मग म्हणाला, "माझ्या लेकीच्या हळदीला मी निवडणुकीच्या बंदोबस्तात होतो. फोनवर बघितली."

"रडलास का?"

"आजी, मला समोर बघून गाडी चालवू द्या."

मांडवाच्या तोंडाशी आम्ही पोचलो आणि तिथे काय झालं ते सांगताना मला अजून हसू आवरत नाही. आमच्या गावांत लग्नात पोलीस येतो तो एकाच कामाला, स्पीकर बंद करायला. मोटारसायकल दिसताच डीजेवाल्याने वायरच उपटली. चार-पाच जण आपापले ग्लास घेऊन गोठ्यामागे पळाले. नवरीचा मामा हात जोडून धावत आला. "सायेब, बंद केलाय! आमी लावलाच नव्हता, टेस्टिंग चालू होतं!" आणि मागे कोण बसलंय तिकडे त्याचं लक्षच नाही. मी हेल्मेट काढलं.

"मावशे!" तो ओरडला. "तुला पकडली?"

अख्खा मांडव हसला. खोलीचं दार उघडलं आणि नवरी हळदीच्या अंगाने धावत आली, माझ्या गळ्यात पडली. मी तिला म्हटलं, "रडायला वेल नाय. पाट मांडा." घड्याळात अकरा वाजून गेले होते. भटजी तोंड फिरवून बसला होता.

हवालदार निघायला लागला. मी म्हटलं, "दहा मिनटं थांब. तुला हाक मारायची हाय." तो म्हणाला, गाड्या अडवायला जोडीदाराला फोन केलाय, तो नाक्यावर पोचेपर्यंत थांबतो, पण खाणार-पिणार काही नाही. बरं म्हटलं.

पोलिसांबद्दल मी जन्मात चांगलं बोलले नव्हते. सगळे देवमाणसं असतात असं आजही म्हणणार नाही. त्यांच्यातही सगळ्या तऱ्हेचे असतात, आपल्या घरात असतात तसे. पण आपण त्यांना हाक मारतो ती आपलं काही बुडत असेल तेव्हा, आणि काम झालं की ओळख विसरतो. मोठे लोक शाल देतात, फोटो काढतात. मला शाल देता येत नाही. मला नाव घेऊन बोलवता येतं. आमच्या लग्नात त्याहून मोठा मान नाही. धवल्यात ज्याचं नाव घ्यायचं राहून गेलं तो पाहुणा वर्षभर रुसतो, असा तो मान.

दोघांच्या छातीवरच्या नावाच्या पट्ट्या मी वाचून ठेवल्या होत्या. चौथीपर्यंतची शाळा तेवढी कामाला आली. नावं इथे लिहीत नाही. उगाच कोणी विचारायचं, ड्युटीवर लग्नाला कसे गेलात.

गायला लागले. आधी गणपती, मग गावदेवी, मग वेशीवरचा देव. मग गेलेली माणसं. नवरीच्या आईला बोलावलं तेव्हा पोरीने डोळे मिटून घेतले. मी आवाज हलू दिला नाही. त्यानंतर रिवाजाप्रमाणे मामाची पाळी. मामा पुढे सरकला, धोतर सारखं केलं. आणि मी हवालदाराचं नाव घेतलं.

मामा चपापला. मधेच म्हणाला, "मावशे, मामाच्या आधी पोलीस? ह्यांनीच गेल्या साली आपला स्पीकर उचलून नेला! असा रिवाज हाय का?"

"नव्हता. आता हाय. तू खडी उचललीस का?"

"कसली खडी?"

"मग गप बस."

बायका फिदीफिदी हसल्या. हवालदार टोपी काखेत धरून मांडवाच्या खांबाला टेकला होता, तो सरळ उभा राहिला. नेमका तेव्हाच त्याचा फोन वाजला. तीच. तिचा आवाज मला पाटाशी ऐकू आला, "काका, आजी पोचल्या का?" मी हाताने खूण केली, इकडे आण. त्याने फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि मी तिचं नाव घेऊन तिला बोलावलं,

"ये गो ये गो बाय, मांडवाच्या दारी,
उनात उपसलीस खडी, तुला मानाची सुपारी."

पलीकडे हॉर्नचा गोंगाट. नुसत्या गाड्या. मग ती म्हणाली, "आजी, परत म्हणा ना. इथं आवाज लई आहे."

परत म्हटलं. या वेळी मांडवातल्या सगळ्या बायकांनी उचललं. म्हाताऱ्या, सुना, मेकअप केलेल्या पोरी, ज्यांना धवल्याचा एक शब्द येत नाही त्यासुद्धा. शेवटच्या ओळीला मामाही गायला; तो काही वाईट माणूस नाही. आणि आमचा आवाज खाली यायच्या आधी फोनमधून ती ओरडली, "सुटली! एक लेन सुटली! काका, पहिली गाडी गेली!" तिच्या मागे त्या खडी उचलणाऱ्यांचा गलका ऐकू आला आणि इकडे आमच्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. दोन ठिकाणचे लोक, एकमेकांना न बघितलेले, एकाच वेळी ओरडत होते. 

हवालदाराचा जोडीदार नाक्यावर पोचल्याचा निरोप आला. जाताना हवालदार वाकून नमस्कार करायला लागला, मी म्हटलं, "वाकू नको, पोट आडवं येईल. जा कामाला." तो हसत गेला.

मग मामाला त्याच्या जागी बोलावलं, बाकीची सोयरी बोलावली, कोणाला गाळलं नाही. भटजी दोनदा खाकरला, तरी एक नाव कमी केलं नाही. तांब्या हातात घेतला आणि नवरीच्या डोक्यावर ओतला. हळदीचं पिवळं पाणी पाटावरून मांडवाबाहेर वाहत गेलं. पोर पाण्याखाली हसत होती. तिला पुसली, चुडा भरला, साडी नेसवली, पाटावर बसवली, आणि बारा वाजून वीस मिनिटांनी भटजीला सांगितलं, "माझं झालं. आता तुमचं सुरू करा."