फुगेशेठ किती वंगाळ?

पोशेरा गावच्या पांड्याला एकच गोष्ट डाचत होती. त्याला कुणी धड वाईट म्हणेना.

हसू नका. पांड्याच्या घराकडे बोहाड्यातल्या, म्हणजे गावात रात्रभर मुखवटे घालून नाचतात त्या उत्सवातल्या, राक्षसाच्या सोंगाचा मान आहे, आज्याच्याही आधीपासूनचा. लाकडी मुखवटा बांधून तो संबळाच्या तालावर नाचत आला की बाया पोरांना पदराखाली घेतात, आणि मग म्हातारा लहान्या, जो सगळी सोंगं पारखतो, मान हलवून म्हणतो, "औंदा लई वंगाळ आलास!" एवढं ऐकलं की पांड्याची छाती वर्षभर फुगलेली. त्या घरात आणखी एक रीत आहे. मुखवट्याखाली जे केलं ते सोंगानं केलं, कुणाला ढकललं, कुणावर ओरडलं, त्याचा जाब माणसाला विचारायचा नाही.

तर गेल्या साली मुंबईची माणसं आमच्या डोंगरात सिनेमा काढायला आली. पोराबाळांनी घरच्यांसोबत बघावा असा सिनेमा. त्यातला शेठ व्हायला आणलेला नट घाटातली वळणं लागून ओकून ओकून आडवा झाला, आणि पांड्याच्या झुबकेदार मिशा कुणाच्यातरी डोळ्यांत भरल्या. झाला पांड्या फुगेशेठ! हा शेठ एका पोरीचं करडू पोत्यात घालून पळवतो, शेणात घसरून पडतो, गाढवाच्या लाथा खातो, आणि शेवटी भोकाड पसरून करडू परत देतो. करडूसुद्धा पांड्याच्याच गोठ्यातलं घेतलं, कपाळावर पांढरा ठिपका असलेला चांद्या.

चांद्या म्हणजे पांड्याच्या नातीचा, दिपिकाचा जीव. आईबाप वीटभट्टीवर गेले की सहा वर्षांची ही पोर आजाआजीपाशी राहायची. दिवसभर चांद्याशी गप्पा, रात्री आज्याच्या कुशीत झोप. तिचं सगळं जग तेवढंच होतं.

भात झोडून झाल्यावर जीपवाल्या रोहिदासनं खळ्यावर पडदा लावून सिनेमा दाखवला. पोरं हसून हसून गडबडा लोळली. नंतर कोऱ्या चहावर मंडळी बसली निवाड्याला, बोहाड्यानंतर बसतात तशीच.

"येडा हाय तो शेठ," रोहिदास म्हणाला. "वाईट कसला?"

"पोरीचा जीव लागलेलं करडू पोत्यात घातलं!" पांड्या तडकला. "ह्याहून वंगाळ काय करायचं मानसानं?"

"परत दिलं ना पन?" लहान्यानं चहाचा भुरका मारला. "खाल्लं असतं तर म्हटलं असतं राक्षस. सोंग फसलं तुझं, पांड्या."

पांड्याला ठसका लागला. मंडळींना वाटलं, चहा गरम असेल.

चहा कसला डोंबलाचा! सिनेमाचं काम संपलं त्या दिवशी मुंबईकरांना गावठी मटणाची हुक्की आली होती. पांड्या तेव्हा हवेत. सगळे 'शेठ, शेठ' करत होते, फोटो काढत होते. "माझ्याकडून!" म्हणाला हा शहाणा, आणि चांद्याचं दावं सोडून दिलं त्यांच्या हातात. स्वतःही पोटभर जेवला. दिपिकाला सांगितलं, चांद्या मुंबईला गेला, मोठा नट झाला. बायको माघी हे ऐकत होती. त्या दिवशी ती जेवली नाही.

खळ्यावरून घरी जाताना दिपिका उड्या मारत होती. "आजा, शेठनं दिला चांद्याला परत! आता आपल्या घरी कवा येल?"

दुसऱ्या दिवशी तिनं खुंट्याला नवं दावं बांधलं, पुढ्यात उंबराचा पाला टाकला. पाला सुकला की ताजा आणायची. बाहेर जीप वाजली की धावत सुटायची.

पांड्याचं कशात चित्त लागेना. घरात बसला की तो खुंटा दिसे, म्हणून तो बाहेर हिंडायचा. ज्याच्या त्याच्या पडवीत जाऊन विचारायचा, "तो फुगेशेठ, किती वाईट म्हनावा रं?" कुणीतरी म्हणावं, लई वाईट, त्याच्यासारखा नीच नाही, म्हणजे आपण निदान त्याच्याहून वाईट तरी ठरणार नाही. पण जो तो हसायचा. "बिचारा हाय रं तो!" पांड्या तसाच उठून पुढच्या घरी. रोहिदासला वाटलं, याला सिनेमाचं वेड लागलं.

बोहाडा जवळ आला. पांड्यानं आढ्याचा मुखवटा उतरवला आणि रंगवायला अंगणात घेऊन बसला. समोर दिपिका पाला बदलत होती. यानं ब्रश खाली ठेवला.

"दिपे, नको टाकू पाला," तो म्हणाला. "चांद्या नाय यायचा. मुंबईला नव्हता गेला तो. मी दिला त्यांना कापायला. मीपन खाल्ला."

पोर रडली असती तर बरं झालं असतं. ती जवळ आली, मुखवट्याच्या सुळ्यांवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "तवा हा घातला होतास ना, आजा?"

घरची रीत तिला पाठ होती. तिच्या डोळ्यांत नुसती आस होती, की आजानं हो म्हणावं. एक 'हो' म्हटलं की सगळं मिटलं असतं, पांड्याला कळत होतं. जीभ वळलीसुद्धा होती.

"नाय," पांड्या म्हणाला. "काय नव्हतं घातलं."

त्या रात्री दिपिका माघीच्या कुशीत झोपली.

बोहाड्याचं शेवटचं सोंग उजाडता उजाडता आलं, राक्षसाचं. संबळ कडाडला, पोरं किंचाळत पदराखाली शिरली. दिपिका तेवढी पुढं उभी राहिली, राक्षसाकडं टक लावून, जरासुद्धा न भिता. पांड्या तिच्यासाठीच नाचला म्हणा ना, पाय सुजेस्तोवर.

नाच सरला. लहान्या म्हणाला, "औंदा लई वंगाळ आलास!"

पांड्यानं घामानं निथळत मुखवट्याची गाठ सोडली आणि तोंड उघडं करून नातीकडं पाहिलं.

तेव्हा ती माघीच्या पदराखाली शिरली.